आतड्याचा जुळा

पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टरांना पुन्हा बाकावर बसवलं की ते शाळकरी पोरांपेक्षा वाईट वागतात. मागची रांग धरायला धावपळ होते, कोणी हजेरी लावून सटकायची वाट शोधतो, कोणी चहाबरोबर बिस्किटं आहेत का ते विचारून येतो. पुण्याबाहेरच्या टेकडीखाली बांधलेल्या त्या पुनर्शिक्षण केंद्रात जमलेले चाळीसेक डॉक्टरही त्यातलेच होते. पण इथून सटकायची सोय नव्हती. दर पाच वर्षांनी हे शिक्षण पुरं केल्याशिवाय नोंदणी पुढे चालू राहणार नाही, आणि नोंदणी नाही तर दवाखाना नाही, असा कायदाच झाला होता. दारातच सगळ्यांचे मोबाइल कपाटात कुलूपबंद झाले होते आणि हातात एकेक चावी आली होती.

कुरुंदवाडची डॉ. पद्मजा चौगुले पहिल्या रांगेत बसली होती. हौसेनं नव्हे, ती उशिरा आली आणि मागे जागा उरली नव्हती. तिचं अर्धं लक्ष सांगलीत होतं. तिचे वडील, आप्पा, तिथल्या एका हॉस्पिटलात पडून होते, आणि नेमका त्याच रोगानं, जो आज इथे शिकवायचा होता. दाढ ठणकली म्हणून दातांच्या डॉक्टरांनी कडक अँटिबायोटिक दिलं. दाढ बरी झाली आणि जुलाब सुरू झाले. पद्मजानं इथे येणं रद्द करायचं ठरवलं होतं, पण पुढच्या तुकडीपर्यंत तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. "तू जा गं. आम्ही हाय की हितं," असं तिचा भाऊ भरतेश म्हणाला, आणि ती निघाली. एसटीत बसल्यापासून तिला चुटपूट लागली होती.

शिकवायला डॉ. ओगले नावाचा तिशीतला तरुण होता. बोलणं गोड, पण हातचं राखून बोलणारा नव्हता.

"सगळ्यांनी हाताला सॅनिटायझर लावा," तो म्हणाला. "नीट चोळा. झालं? आता हात पुढे करा."

त्यानं दिवे घालवले आणि एक जांभळा दिवा सगळ्यांच्या हातांवरून फिरवला. चाळीस जणांचे तळवे हिरवट चमकायला लागले. सकाळी दाराच्या मुठींना त्यानं एक भुकटी फासून ठेवली होती.

"घाबरू नका, ही साधी पावडर आहे. पण आपला पाहुणा असाच वागतो. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. याचे बीजाणू कवच घालून बसतात. अल्कोहोलनं त्यांचं काही बिघडत नाही. खाटेच्या कडेवर, बटणांवर, आपल्या स्टेथोस्कोपवर महिनोन्महिने पडून राहतात. हात साबण लावून वाहत्या पाण्याखालीच धुवायचे. खाट ब्लीचनं पुसायची."

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही तळहात घासत बसलो ते?" मागून उदगीरच्या डॉ. मुजावरांनी विचारलं. ते आणि पद्मजा मिरजेला एकाच वर्गात शिकले होते.

"या जंतूपुरतं फुकट, सर."

मग त्यानं रोग समजावून सांगितला. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू गुण्यागोविंदानं नांदत असतात. आपण अँटिबायोटिक देतो तेव्हा रोगाच्या जंतूबरोबर ही सगळी वस्ती उठवतो. वस्ती ओस पडली की हा कवच टाकून जागा होतो, मोकळं रान बघून वाढतो आणि विष सोडतो. त्या विषानं आतड्याचं अस्तर सोलवटतं. गेल्या काही वर्षांत याचा जो नवा वाण जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला होता, तो आधीच्यापेक्षा कितीतरी जहाल होता. आणि तो पसरवायला दुसरं कोणी नाही, आपलीच प्रिस्क्रिप्शनं कारणीभूत आहेत, हे ओगलेनं कोणाची भीडभाड न ठेवता सांगितलं. 

"एक गोष्ट मात्र डोक्यात कोरून घ्या. यात जुलाब थांबले म्हणजे पेशंट सुधारला असं समजू नका. कधीकधी आतडं लुळं पडतं म्हणून जुलाब थांबतात. विष आतच साठतं, आतडं फुगत जातं आणि शेवटी फुटतं. तेव्हा जुलाब थांबले की पहिल्यांदा पोटावर हात ठेवा."

पद्मजानं मान डोलावली. हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं.

दुपारी त्यांना जुळ्यांच्या दालनात नेलं. प्रत्येक टेबलावर एक मोठा पडदा होता आणि प्रत्येक पडद्यावर एक आतडं हळूहळू हलत होतं.

"पेशंट दोन कॅप्सूल गिळतो," ओगले सांगायला लागला. "एक जठरात तरंगत राहते, दुसरी मोठ्या आतड्याच्या तोंडाशी जाऊन चिकटते. पोटात काय गेलं, कुठले जंतू आहेत, वायू किती, आतडं किती हलतंय, सगळं पेशंटच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला कळवतात आणि पट्टा इथे पाठवतो. त्यावरून हा संगणक त्या आतड्याची हुबेहूब प्रत करतो. आम्ही तिला जुळा म्हणतो. खऱ्या पेशंटला जे झालं ते याला त्याच क्षणी होतं. शिवाय हा जुळा पुढे पळवता येतो. उद्या काय होईल ते आज तासाभरात दिसतं. तुम्ही यावर औषधं देऊन बघायची."

"हे जिवंत पेशंट आहेत?" पद्मजानं विचारलं.

"या क्षणी महाराष्ट्रात कुठेतरी खाटेवर आहेत. कोण, कुठे, हे मलाही माहीत नाही. ते मोहोरबंद असतं."

मोहोर का, तेही त्यानं सांगितलं. पहिल्याच वर्षी एका डॉक्टरनं जुळ्यावरून पेशंट ओळखला आणि त्याच्या घरच्यांना फोन केला. घरच्यांनी घाबरून पेशंटला रातोरात दुसऱ्या गावी हलवलं आणि तो वाटेतच गेला. तेव्हापासून नियम झाला: जुळ्यावरून पेशंट शोधायचा नाही, जुळ्यातलं काही बाहेर बोलायचं नाही. मोडला तर नोंदणी कायमची रद्द.

एवढ्यात सातव्या टेबलाचा पडदा राखाडी झाला. तिथले दोघे दचकले.

"काही नाही, एक्स-रेला नेलं असेल," ओगले हसला. "पट्टा सोडला की जुळा झोपतो. पुन्हा बांधला की उठतो."

पद्मजा आणि मुजावर यांच्या वाट्याला चौथं टेबल आलं. त्यांचा जुळा वाईट अवस्थेत होता, पण योग्य औषध आधीच चालू होतं. मुजावरांनी मात्रा वाढवून बघितली. आतड्याची तडफड शांत होत आली होती, जुलाबांचा आलेख खाली उतरत होता. त्यांनी जुळा दोन दिवस पुढे पळवला. पडदा हिरवा झाला आणि वर अक्षरं आली: सुधारणा.

"चौथं टेबल पास," ओगले म्हणाला, आणि आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. मुजावरांनी तर उठून मुजरा केला.

पद्मजा टाळ्या वाजवत नव्हती. ती पडद्याच्या कडेचा आहाराचा रकाना वाचत होती. दूध, तूरडाळीचं पाणी, तांदळाची पेज, केळं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आणि दिवस मावळल्यावर पोटात काहीच नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

"मुजावर, हा पेशंट जैन आहे."

"असेल की. तुमच्या भागात दर दुसरं घर जैन."

"आणि हे बघ. जायफळ."

रकान्याच्या तळाशी जायफळातल्या तेलाची नोंद होती. संगणकानं समोर लिहिलं होतं: गोड पदार्थ.

"श्रीखंडात असतंय, पुरणात असतंय," मुजावर म्हणाले. "संगणकाला कोणीतरी आपला स्वयंपाक शिकवलाय म्हणायचा."

"आठ दिवस जुलाब लागलेल्या माणसाला पुरणपोळी कोण वाढेल?"

 पद्मजानं नोंदीच्या वेळा बघितल्या. रोज एकदा, दिवस मावळायच्या थोडं आधी. आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त. हे कुठल्या हलवायाचं काम नव्हतं. हे सहाणेवर उगाळलेलं जायफळ होतं. पोराला जुलाब लागले, म्हाताऱ्याचं पोट बिघडलं, तर दोन वळसे जायफळ उगाळून दुधातून चाटवायचं, हे तिच्या भागातल्या प्रत्येक बाईला येतं. गुण आला नाही तर दुसऱ्या दिवशी चार वळसे द्यायचे. त्यानं आतडं सुस्तावतं आणि जुलाब आटोक्यात येतात. साध्या जुलाबाला ते चालून जातं.

 आप्पांना पहिल्यांदा जुलाब झाले तेव्हा राजमतीवहिनीचा फोन आला होता. दवाखान्यात गर्दी होती. पद्मजानं फोन खांद्याशी दाबून धरला आणि एका पोराचा घसा बघता बघता सांगितलं होतं, "जायफळ दे गं उगाळून. थांबतील." एम.बी.बी.एस. होऊन तीस वर्षं झालेल्या बाईनं. माहेरचा फोन आला की ती डॉक्टर राहत नसे, लेक होत असे. पुढे आप्पांना हॉस्पिटलात घातलं, रोगाचं नाव कळलं, तेव्हा ते जायफळ बंद कर असं सांगायचं तिला सुचलंच नव्हतं.

तिनं "गोड पदार्थ" हे शब्द खोडले आणि तिथे लिहिलं: औषध, आतड्याची हालचाल मंदावणारं. मग जुळा पुन्हा पुढे पळवला.

पहिले काही तास सगळं तसंच दिसलं. मग संध्याकाळच्या जायफळापाशी आतड्याची हालचाल जवळजवळ थांबली. जुलाबाचा आलेख सपाट झाला. आत विष चढत राहिलं. नळ बंद केला म्हणून टाकी भरायची थांबत नाही. आतडं फुगलं, भिंत पातळ होत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका जागी फाटली. पडदा लाल झाला. जुळा मेला.

दालनात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ओगले धावत आला. त्यानं सगळं दोनदा वाचलं. "मॅडम, हे अफाट आहे. हॉस्पिटलातही हीच प्रणाली आहे. म्हणजे तिथल्या डॉक्टरांनाही आत्ता सुधारणाच दिसत असेल. मी आजच समितीला कळवतो."

"समिती काय करेल?"

"तपासणी करून दुरुस्ती पाठवेल. आठवडाभर तरी लागेल."

"आठवडा? अहो, दिवस मावळायच्या आत ह्याला पुन्हा जायफळ देतील! तुम्ही आत्ता त्या हॉस्पिटलला फोन लावा."

"कुठल्या हॉस्पिटलला? मॅडम, मोहोर माझ्या हातात नाही. आणीबाणीचा अर्ज केला तरी उद्या सकाळच्या आधी कोणी उघडणार नाही."

पद्मजा उठली. खुर्ची मागे पडली ती तिनं उचललीसुद्धा नाही. कपाटाशी गेली आणि कुलपाला चावी लावली. मागोमाग आलेला ओगले दारातच थांबला.

"मॅडम, नका करू. मोबाइल हातात घेतलात की नियम मोडला."

"माझे वडील आहेत ते."

"तुम्हाला खात्री आहे?"

तिला खात्री नव्हती. सांगली-कोल्हापूरकडे जैनांची हजारो घरं आणि त्या प्रत्येक घरात सहाण. पण आप्पांच्या कमरेलाही तो पट्टा होता. तिनं भरतेशला फोन लावला.

"दादा, वहिनी कुठे आहे? तिला दे फोन."

"हितंच हाय. काय झालं?"

"दे आधी."

राजमतीवहिनीचा बारीक आवाज आला. "बोला वन्सं."

"वहिनी, खरं सांग. आप्पांना जायफळ देतेस का?"

 वहिनी म्हणाली, "न्हाई वन्सं. बाहेरचं काय द्यायचं न्हाई म्हणून हितं लिहून घेतलंय. म्या कशाला देऊ?"

"नक्की?"

"आईशप्पत. आनि मामंजींना बरं हाय आता. डॉक्टर म्हणाले सुधारणा हाय."

पद्मजा भिंतीला टेकली. तिला रडू आलं आणि हसूही आलं. आप्पा नाहीत. तिनं वहिनीला सांभाळून राहा म्हटलं आणि फोन ठेवला. त्या सुटकेच्या भरात, दिवसभर घोकलेली एक गोष्ट विचारायची ती विसरून गेली. पोट कसं आहे, हे तिनं विचारलंच नाही.

ओगलेनं हळूच दार लोटून घेतलं. "घरी तब्येत विचारायला फोन केलात. मी काही बघितलं नाही. फोन ठेवा आणि आत चला. चांगल्या शेऱ्यानं पास व्हाल."

ती त्याच्याबरोबर आत गेली, पण फोन कपाटात ठेवायचा राहिला. दालनात मुजावर चौथ्या टेबलाशीच बसून होते. तिनं खरा जुळा पडद्यावर परत आणला, आत्ताचा, जिवंत. आतडं मंद हलत होतं. खिडकीबाहेर ऊन टेकडीच्या माथ्याकडे सरकलं होतं.

"आप्पा नाहीत," ती म्हणाली.

"अल्लाची मेहेरबानी," मुजावर म्हणाले.

"मग कोणाचे आप्पा आहेत हे?"

मुजावरांनी चष्मा काढून पुसला. "पद्मजा, ऐक माझं. तुझ्या हातात काय आहे? नाव नाही, गाव नाही. पोराचं शिक्षण चालू आहे तुझ्या. शिरीषराव गेल्यावर त्या दवाखान्यानंच तुला उभं केलंय. तो दवाखाना अनोळखी माणसापायी घालवणार?"

त्यांचं खरं होतं. नवरा गेला तेव्हा तिनं दवाखाना तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उघडला होता. कुरुंदवाडात तिला कोणी नावानं हाक मारत नसे. भाजीवालीपासून मुनींच्या संघापर्यंत सगळ्यांची ती डॉक्टरीणबाई होती. ते काढून घेतलं तर उरलेल्या बाईचं काय करायचं, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"सर्वसाधारण सूचना द्या ना," ओगले काकुळतीला येऊन म्हणाला. "जुलाबात जायफळ देऊ नये, एवढंच. त्यात जुळ्याचा संबंध येत नाही."

"असल्या सूचना रोज पन्नास येतात. कोण वाचतंय? आज, आत्ता, तुमच्याच माणसाबद्दल बोलतेय असं सांगितलं तरच कोणी उठेल."

"तसं सांगितलंत तर मला कळवावं लागेल. मी गप्प बसलो तर माझीही नोंदणी जाईल."

"कळवा," पद्मजा म्हणाली. "तुमचं काम तुम्ही करा बाबा. मला राग नाही."

तिनं मोबाइल तोंडाशी धरला.  ती बोलायला लागली, पुण्यातल्या हॉलमधलं नव्हे, घरातलं बोलणं.

"मी कुरुंदवाडची डॉक्टरीण पद्मजा चौगुले बोलतेय. आपल्या समाजातलं एक माणूस आत्ता हॉस्पिटलात हाय. जुलाबाचा आजार, कमरेला पट्टा बांधलाय. घरचं कोणतरी त्याला रोज दिवस मावळायच्या आधी जायफळ उगाळून देतंय. जुलाब कमी झालेत म्हणून तुम्हाला बरं वाटत असंल. ते बरं न्हवं. आत आतडं फुगायलंय. आज जायफळ देऊ नका आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना खरं सांगा. कोण रागवंल म्हणून भिऊ नका. मला फोन करा, मी बोलते त्यांच्याशी."

तिनं तो निरोप समाजाच्या गटांवर टाकला, महिला मंडळाच्या गटावर टाकला, सांगली-कोल्हापूर-बेळगावच्या डॉक्टरांच्या गटावर टाकला. ओगले खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि त्यानं कुणाला तरी फोन केला. त्याचा आवाज इतका हळू होता की काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण काय बोलला असेल ते सगळ्यांना कळलं.

पहिला फोन नांदणीहून आला. बाईच्या नातवाला जुलाब होते आणि तिनं जायफळ दिलं होतं. पण पोर घरात खेळत होतं, पट्टा नव्हता. दुसरा फोन हुपरीहून, तिसरा निपाणीहून. मग सदलग्याचे एक गृहस्थ, त्यांनी पाव तास समाजाची बदनामी केल्याबद्दल झापलं आणि शेवटी विचारलं की आमच्या आईला दिलंय, चालतंय का. पद्मजा प्रत्येकाला एकच विचारत होती, "कमरेला पट्टा आहे का?" कोणाच्याच कमरेला पट्टा नव्हता. घराघरात जायफळ होतं, फक्त ते एक घर सापडत नव्हतं. टेकडीवरचं ऊन आणखी माथ्याकडे सरकलं.

मग भरतेशच्या नंबरवरून फोन आला. पण आवाज वहिनीचा होता, आणि ती हुंदके देत होती.

"वन्सं, म्या दिलं हो. म्या दिलं हुतं."

"काय?"

"तुमीच सांगितला हुतासा की सुरवातीला. गुण येत हुता म्हणून म्या देत ऱ्हायले. मघाशी हेनी शेजारी हुभं हुते, म्हणून खोटं बोलले. आत्ता तुमचं बोलणं आईकलं वन्सं, पदराखाली वाटी हुती माज्या हातात. द्यायलाच निघाले हुते."

"पोट! वहिनी, पोट कसं आहे?"

"फुगलंय. टच्च झालंय. हात लावू देत न्हाईत. जुलाब सकाळपासनं बंदच हाईत. म्या म्हटलं बरं झालं."

 पद्मजानं फोन दोन्ही हातांनी धरला. "रडू नकोस. ऐक. बाहेर जा, नर्सला ओरडून बोलाव. मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हणावं. वाटी दाखव. कोणी काही बोललं तर मला फोन जोडून दे. सर्जन पाहिजे म्हणावं, आत्ता. पळ वहिनी!"

तिकडे फोन तसाच चालू राहिला. पावलं, आरडाओरडा, कोणीतरी वहिनीला रागावत होतं, मग अचानक कोणीच रागावेना. एका डॉक्टरचा आवाज आला. पद्मजानं त्याला जुळ्यात बघितलेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एक्स-रेला घेतोय, मॅडम. फुगलं असेल तर तसंच ऑपरेशनला नेतो." 

ती चौथ्या टेबलासमोर येऊन बसली. आता तिला ठाऊक होतं हे कोणाचं आतडं आहे. लहानपणी ज्या पोटावर डोकं ठेवून ती दुपारची झोपायची, ते आतून असं दिसत होतं. तिनं पडद्यावर हात ठेवला. मुजावर तिच्या मागे उभे होते, ओगलेही आला होता. आता पट्टा सुटेल, पडदा राखाडी होईल, आणि मग आप्पा वाचण्याची आशा तरी धरता येईल. तिघं तेवढ्याचीच वाट बघत होते. दुसऱ्या लाइनवर फोन येत होते, एकामागून एक. पद्मजा ते कापत होती. ज्याच्यासाठी सगळा आटापिटा केला, ते माणूस सापडलं होतं.

"वन्सं," वहिनीचा आवाज आला. "नेलं आत. आतडं लई फुगलंय म्हणाले, पण फुटलं न्हाई अजून. ऑपरेशन करायलेत. वेळेत समजलं म्हणाले."

"पट्टा काढला का गं?"

"काढला की. माज्या हातात हाय."

पद्मजानं पडद्याकडे बघितलं. पडदा राखाडी झाला नव्हता. आतडं मंद, सुस्त हलत होतं.

"नीट बघ वहिनी. आप्पांचाच पट्टा आहे ना? काढून किती वेळ झाला?"

"झाला की चांगला. नाव लिवलंय त्याच्यावर मामंजींचं. का ओ?"

 ओगलेनं पुढे होऊन पडद्याची जोडणी तपासली. जोडणी ठीक होती. जुळा जागा होता आणि त्याचा पेशंट कुठेतरी खाटेवर, कमरेला पट्टा बांधलेला, तसाच होता. टेकडीच्या माथ्यावर उन्हाची एक कड तेवढी उरली होती. त्या तिघांच्या देखत आहाराच्या रकान्यात तळाशी एक नवी नोंद उमटली. दूध, आणि त्यात जायफळ. कालच्यापेक्षा जरा जास्त. कुणीतरी आत्ताच मायेनं चाटवून, तोंड पुसून, सहाण धुऊन ठेवली होती.

पद्मजानं वहिनीचा फोन बंद केला आणि हातातल्या मोबाइलकडे बघितलं. तिनं कापलेल्या फोनांची रांग पडद्यावर मावत नव्हती. सगळे अनोळखी नंबर. यातला एक कदाचित त्या घरातला होता, आणि तो तिनं कापला होता.

फोन पुन्हा वाजायला लागला. तिनं तो कानाला लावला.

"हॅलो," पलीकडे एक म्हातारा, दबका आवाज होता. "डॉक्टर बोलताय न्हवं?"

"हो," पद्मजा म्हणाली. "डॉक्टर बोलतेय. कमरेला पट्टा आहे का?"